नियमशास्त्र कोणासाठी?

येशू ख्रिस्त आणि नियमशास्त्र हा विषय निघाला की आपल्या कार्यकर्त्यांत साधारणपणे दोन मते ऐकू येतात. पहिले असे की, येशूने जुने नियमशास्त्र मोडीत काढले आणि त्याच्या जागी प्रेमाचा धर्म दिला. म्हणजे तो त्यांच्याकडचा विद्रोही. दुसरे असे की, त्याने पीडितांना दुसरा गाल पुढे करायला शिकवले. म्हणजे तो प्रस्थापितांच्या सोयीचा. ही दोन्ही मते मी वर्गात विद्यार्थ्यांच्या तोंडून एकाच तासाला ऐकली आहेत. माझ्या मते दोन्ही अर्धवट वाचनातून आलेली आहेत.

ज्यांच्या संरक्षणासाठी कायदे झाले आणि तरीही ज्यांना ते संरक्षण भांडून मिळवावे लागते, अशा माणसांनी तरी हा विषय नीट समजून घेतला पाहिजे. प्रस्तुत लेखात श्रद्धेचा प्रश्न नाही. कायदा कोणासाठी असतो, तो कोणत्या कसोटीवर तपासायचा, आणि कोणता कायदा पुरा करायचा व कोणता जाळायचा, एवढाच प्रश्न आहे.

१. शब्दांनी केलेला घोटाळा

मराठी बायबलमध्ये ज्याला नियमशास्त्र म्हटले आहे तो मूळ शब्द ‘तोरा’. त्याचा अर्थ केवळ कायदा असा नाही. शिकवण, मार्गदर्शन असाही आहे. मोशेच्या नावावर असलेली पाच पुस्तके म्हणजे तोरा. ज्यू परंपरेने त्यातील आज्ञांची संख्या ६१३ सांगितली आहे. २४८ करण्याच्या आणि ३६५ न करण्याच्या. त्यात पूजाविधी आहेत, खाण्यापिण्याचे नियम आहेत, तसेच मजुरी, कर्ज, जमीन, वजनमापे यांचेही नियम आहेत.

भाषांतरकारांनी या पुस्तकांच्या जाणकारांना ‘शास्त्री’ म्हटले. ‘शास्त्री आणि परूशी’ हा जोडशब्द कानावर पडताच आपल्या डोळ्यांपुढे पुण्याचा किंवा पैठणचा शास्त्री उभा राहतो. येथेच घोटाळा होतो. यहुदी समाजात वंशपरंपरेने चालणारा वर्ग पुरोहितांचा होता; मंदिर त्यांच्या ताब्यात होते. परूशी हा जन्माने ठरणारा वर्ग नव्हता. ती एक चळवळ होती आणि तिच्यात मुख्यतः सामान्य गृहस्थ होते. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसीफस त्यांची संख्या सहा हजारांवर सांगतो. मंदिरात पुरोहिताने पाळायची शुद्धी साध्या माणसाने आपल्या घरात, आपल्या ताटावर पाळावी, असा त्यांचा आग्रह होता. परक्या रोमी सत्तेखाली आपले वेगळेपण टिकवण्याचा तो एक मार्ग होता.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. तोरामध्ये अशुद्धी आहे, पण ती जन्माची नाही. प्रेताला हात लागला, बाळंतपण झाले, कातडीचा रोग झाला की माणूस अशुद्ध होतो. पुरोहितही होतो. ठरलेले दिवस गेले, पाण्याने धुतले, विधी झाला की तो पुन्हा शुद्ध. कोणाच्या पोटी जन्मला म्हणून माणूस मरेपर्यंत अशुद्ध, आणि त्याची मुलेही अशुद्ध, ही कल्पना तेथे नाही. म्हणून परूशी म्हणजे त्यांच्याकडचे ब्राह्मण, हे आपल्या सभांतून सहज केले जाणारे समीकरण टिकत नाही. साम्य आहे ते वृत्तीत, समाजरचनेत नाही.

२. मोडले नाही, मग काय केले?

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात, म्हणजे डोंगरावरील प्रवचनात, येशू स्पष्ट सांगतो की आपण नियमशास्त्र रद्द करायला आलो नाही, ते पूर्ण करायला आलो आहोत. हे वाक्य वगळून त्याला बंडखोर ठरवता येत नाही. तो शब्बाथाला सभास्थानात जातो, सणाला यरुशलेमला जातो. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने विचारले तेव्हा त्याने नवे काही सांगितले नाही. देवावर सर्वस्वाने प्रीती करावी, ही ‘अनुवाद’ या पुस्तकातील आज्ञा. आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही ‘लेवीय’ या पुस्तकातील आज्ञा. दोन्ही जुन्याच. त्याने एवढेच केले की ६१३ आज्ञांच्या रांगेतून दोन काढून पुढे ठेवल्या आणि सांगितले की बाकीच्यांचा अर्थ यांच्यावरून लावायचा.

असे करणारा तो एकटाच नव्हता. त्याच्या थोडे आधी होऊन गेलेल्या हिल्लेल या गुरूची कथा प्रसिद्ध आहे. एका परक्याने त्याला सांगितले की, मी एका पायावर उभा आहे तेवढ्यात सगळा तोरा शिकव. हिल्लेलने उत्तर दिले की, जे तुला नकोसे वाटते ते दुसऱ्याच्या वाट्याला देऊ नकोस. बाकी सारे या एका गोष्टीचे स्पष्टीकरण आहे, जा आणि शिक. तेव्हा नियम आणि नियमाचा गाभा यांतला भेद ज्यू विचारातच होता. येशूने तो अधिक निकराने, आणि विशेष म्हणजे चारचौघांत प्रत्यक्ष कृतीने मांडला.

‘पूर्ण करणे’ म्हणजे काय, हे त्याच प्रवचनातील सहा उदाहरणांवरून कळते. खून करू नये ही आज्ञा. येशू म्हणतो, रागाने दुसऱ्याचा पाणउतारा करण्यापासूनच अपराध सुरू होतो. डोळ्याबद्दल डोळा हा नियम मुळात सूडाला मर्यादा घालण्यासाठी होता. एका डोळ्याच्या बदल्यात सगळे घर जाळू नये म्हणून. येशू त्या मर्यादेच्याही पुढे जातो. म्हणजे तो नियम सैल करीत नाही, त्याच्या मुळाशी जातो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शत्रूचा द्वेष करावा, असे लोकांना सांगितले गेले आहे, असा उल्लेख तो करतो. पण तशी आज्ञा तोरामध्ये कोठेच नाही. शेजाऱ्यावर प्रीती करा, यातून लोकांनी आपल्या सोयीने काढलेला तो अर्थ होता.

३. तीन कसोट्या

शुभवर्तमानांतील प्रसंग एकत्र ठेवून पाहिले तर नियम तपासण्याच्या तीन कसोट्या हाती लागतात.

पहिली कसोटी हेतूची. शब्बाथाच्या दिवशी शिष्य शेतातून जाताना भूक लागली म्हणून कणसे मोडून खातात. परक्याच्या शेतातले हातात मावेल तेवढे खाण्याची मुभा खुद्द नियमशास्त्रानेच दिली होती. आक्षेप चोरीचा नव्हता, विश्रांतीच्या दिवशी कापणी केल्याचा होता. येशूचे म्हणणे असे की, शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही. आता शब्बाथाचा मूळ हेतू पाहा. ‘अनुवाद’मध्ये ही आज्ञा देताना दास, दासी, बैल, गाढव आणि गावात राहणारा परका यांनाही विश्रांती मिळावी असे सांगितले आहे, आणि कारण दिले आहे की तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता. राबणाऱ्याला आठवड्यातून एक दिवस सुटी, हा त्या नियमाचा प्राण. तो नियम भुकेल्या माणसाला अडवायला वापरला जात असेल तर त्याच्यातला प्राण गेला.

अर्थात येथेही प्रतिपक्षावर अन्याय होता कामा नये. जिवाला धोका असेल, किंबहुना तसा नुसता संशय असला तरी शब्बाथ बाजूला ठेवावा, हे परूशी परंपरेच्या वारसदारांनी इ. स. २००च्या सुमारास संकलित केलेल्या मिश्नामध्ये स्पष्ट आहे. वाद होता तो वाळलेल्या हाताच्या माणसाबद्दल, अठरा वर्षे कंबरेत वाकलेल्या बाईबद्दल. त्यांच्या जिवाला धोका नव्हता. त्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी बरे केले असते तर काय बिघडले असते, असा प्रश्न होता. येशूचे उत्तर असे की, तुम्ही शब्बाथाला बैल सोडून पाण्यावर नेता. मग या बाईला आणखी एक दिवस का बांधून ठेवायचे? दुसऱ्याच्या दुःखाला तारीख देणे ज्याला सोपे वाटते त्याला हे उत्तर आहे.

दुसरी कसोटी पळवाटेची. मार्काच्या सातव्या अध्यायात ‘कुर्बान’चा उल्लेख आहे. आपली मालमत्ता देवाला अर्पण केली असे जाहीर केले की म्हाताऱ्या आईबापांना त्यातून काही देण्याची जबाबदारी संपत असे. आईबापांचा मान राख, ही दहा आज्ञांपैकी एक. ती मोडण्यासाठी देवाचेच नाव वापरले जात होते. येथे येशूचा रोष नियमावर नाही, नियमाच्या आडून नियम मोडणाऱ्यांवर आहे. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात तो म्हणतो की तुम्ही पुदिना, शेपू आणि जिरे यांचा दशमांश मोजून देता आणि न्याय, दया व विश्वासूपणा सोडून देता. पण तेवढ्यावर थांबत नाही. हे करायचे होते आणि तेही सोडायचे नव्हते, असे बजावतो.

तिसरी कसोटी ओझ्याची: या नियमाचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते? योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची कथा आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही कथा नाही, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. तरी ती परंपरेने जपली. नियमशास्त्राप्रमाणे अशा प्रसंगी पुरुष आणि स्त्री दोघांनाही शिक्षा होती. धरून आणली ती एकटी बाई. पुरुष कोठे गेला? नियम एक, पण अंमलबजावणी दुर्बळावर. जो स्वतः निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा, असे येशूने म्हटल्यावर एकेक जण निघून गेला. ही कथा क्षमेची म्हणून सांगितली जाते. मला ती कायद्याच्या निवडक अंमलबजावणीची वाटते.

कुष्ठरोग्याचा प्रसंगही याच संदर्भात पाहावा. त्याने वस्तीबाहेर राहावे आणि आपण अशुद्ध असल्याचे ओरडून सांगावे, असा नियम होता. येशूने त्याला हात लावला. मग त्याला सांगितले की पुरोहिताकडे जा आणि मोशेने सांगितलेले अर्पण कर. हात लावणे आणि नियमाप्रमाणे दाखला घ्यायला पाठवणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच वेळी केल्या. कारण त्या दाखल्याशिवाय गाव त्याला आत घेणार नव्हते. मनाने स्वीकारणे पुरेसे नसते. कागदावरही माणूस परत आला पाहिजे.

४. दुसरा गाल

आता दुसऱ्या मताकडे वळू. दुसरा गाल, अंगरखा मागितला तर पांघरूणही, एक कोस नेले तर दोन कोस, ही तीन उदाहरणे एका ओळीत येतात. तिसऱ्यासाठी मराठी भाषांतरात ‘वेठीस धरणे’ हा शब्द आहे आणि तो अचूक आहे. रोमी शिपाई रस्त्यावरच्या माणसाला धरून ओझे वाहायला लावू शकत असे. येशूचा क्रूस वाहायला लावलेल्या कुरेनेकर शिमोनाच्या बाबतीत मूळ ग्रीकमध्ये तेच क्रियापद आहे. तेव्हा हा उपदेश ऐकणारे लोक वेठीचे ओझे वाहणारे होते, हे विसरता येत नाही. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर विंक यांनी असा अर्थ लावला की उजव्या गालावर बसणारी चपराक पालथ्या हाताची असते. ती बरोबरीच्या माणसाला नव्हे, खालच्याला मारतात. दुसरा गाल पुढे करणे म्हणजे मारायचेच असेल तर बरोबरीचा समजून मार, असे सांगणे. हा अर्थ सर्व अभ्यासकांना मान्य नाही. तो मान्य करा वा न करा, एक गोष्ट निश्चित आहे. हा उपदेश मार खाणाऱ्याने स्वतः स्वीकारण्याचा आहे. मारणाऱ्याने मार खाणाऱ्याला तो ऐकवावा, यासारखी दुसरी लबाडी नाही.

हृदयपरिवर्तनाच्या भाषेचेही तसेच. मने बदलली पाहिजेत, कायद्याने काय होणार, असे आपल्याला वर्षानुवर्षे ऐकवले गेले. येशूचा भर अंतःकरणावर आहे हे खरे. पण त्याने ते कायद्याला पर्याय म्हणून सांगितलेले नाही. मार्टिन ल्यूथर किंग हे स्वतः धर्मोपदेशक होते. कायदा एखाद्याला माझ्यावर प्रेम करायला लावू शकणार नाही, पण मला ठार मारण्यापासून त्याला रोखू शकतो आणि तेही महत्त्वाचे आहे, अशा आशयाचे ते बोलत. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्यांनी न्याय्य आणि अन्याय्य कायद्यांतला फरक मांडला: बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांवर लादलेला आणि स्वतःला लागू न केलेला कायदा अन्याय्य. येशूच्या तिसऱ्या कसोटीचेच ते आधुनिक रूप आहे.

५. या शिकवणीचा गैरवापर

येशूच्या नावाने झालेला अन्यायही नोंदवला पाहिजे. शुभवर्तमाने साधारणपणे इ. स. ७० ते १०० या काळात लिहिली गेली. तोवर येशूचे अनुयायी आणि परूशी परंपरेचे गुरू यांच्यात दुरावा वाढला होता. त्याची कटुता लिखाणात उतरली. पुढे येशू विरुद्ध काही परूशी हा घरातला वाद, ख्रिस्ती विरुद्ध ज्यू असा वाचला गेला. दुसऱ्या शतकात मार्सियनने जुना करारच टाकून द्यावा असे म्हटले, तेव्हा रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. पण विसाव्या शतकात, १९३९ साली, नाझी जर्मनीत आयझेनाख येथे ख्रिस्ती जीवनातून ज्यू प्रभाव पुसून टाकण्यासाठी संस्था निघाली आणि तिच्या मागे चर्चमधलेच पंडित होते. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या चर्चने वर्णभेदाला धार्मिक आधार दिला. सत्तेची आज्ञा पाळा, या पौलाच्या उपदेशाचा सरकारने केलेला वापर १९८५च्या कैरोस दस्तऐवजाने उघडा पाडला. प्रेमाचे वचन हाती असले म्हणजे माणूस न्यायी होतोच, असे नाही.

आपल्याकडेही तेच. अनेक ठिकाणी दलित ख्रिश्चनांना चर्चमध्ये वेगळे बसवले गेले, त्यांची स्मशाने वेगळी राहिली. दुसरीकडे राज्याचा कायदा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. सूसाई हे मद्रासमधले रस्त्याकडेला बसून चांभारकाम करणारे गृहस्थ. तशा कारागिरांना सरकार टपरी देत होते. ते ख्रिस्ती असल्यामुळे त्यांना नाकारली. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, धर्मांतरानंतरही जातीचे तोटे तेवढ्याच तीव्रतेने टिकून आहेत असे दाखवणारा पुरेसा पुरावा समोर नाही. हाती तीच रापी, समोर तोच रस्ता. दाखल्यावरचा शब्द मात्र बदललेला. शब्बाथाच्या दिवशी कणसे मोडणाऱ्यांची आठवण येथे होत नसेल तर कोठे होईल?

६. पुरा करायचा की जाळायचा?

येथे आपल्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रश्न येतो. येशूने नियमशास्त्र पूर्ण करायचे म्हटले. मग बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती का जाळली? तीही पूर्ण करता आली नसती काय?

उत्तर दोन ग्रंथांच्या मुळांत आहे. तोरा देशी आणि परका यांना एकच नियम लागू करण्याची भाषा वारंवार करतो. शेताचे कोपरे कापू नका, पडलेले दाणे वेचू नका, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवा, असे सांगतो. सातव्या वर्षी कर्जमाफी सांगतो. त्यात परदेशी गुलाम बाळगण्याची मुभाही आहे, हे लपवण्याचे कारण नाही. पण त्याच्या पोटातच अशी आज्ञा आहे की जिच्या आधाराने बाकीच्यांची झाडाझडती घेता येते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एकाच अपराधाला वर्णाप्रमाणे वेगळी शिक्षा आहे. तेथे विषमता हा नियमाचा अपवाद नाही, तोच नियमाचा हेतू आहे. ज्याचा हेतूच माणसाला खाली ठेवणे हा आहे, तो नियम पूर्ण केला तर काय होईल? माणूस पूर्ण खाली जाईल. म्हणून तेथे अग्नी हाच अर्थ लावण्याचा मार्ग होता.

१९३६च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांतला भेद सांगितला आहे. नियम काय करायचे ते ठरवून देतो. तत्त्व योग्य काय हे तपासण्याची रीत देते, आणि त्यामुळे माणूस आपल्या कृतीला जबाबदार राहतो. खरा धर्म तत्त्वांचा असतो, नियमांच्या यादीचा नसतो, असे त्यांचे म्हणणे. येशूचा वाद याच जागी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजाच्या परंपरेत बसवले, ते याच न्यायबुद्धीच्या नात्याने.

भारतीय संविधान आणि त्याखालचे कायदे मनुस्मृतीच्या जातीचे नाहीत. त्यांच्या पोटात समतेचे तत्त्व आहे; म्हणून ते पुरे करण्याचे कायदे आहेत. आणि म्हणूनच त्यांना ‘कुर्बान’ची कीड लागलेली दिसली की गप्प बसता येत नाही. १९६१चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला आणि जमिनी सोयऱ्याधायऱ्यांच्या नावांवर चढल्या. कागदावर कायदा पाळला गेला. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. २०२१ मध्ये संसदेतील उत्तरात या कामामुळे एकही मृत्यू नोंदला नसल्याचे सांगण्यात आले. गटारात उतरून मेलेल्यांची गणती वेगळ्या शीर्षकाखाली होती. पुदिना, शेपू आणि जिरे चोख मोजले गेले. न्याय तेवढा मोजायचा राहिला.

माझ्या घरी माझ्या आधी कोणी शाळेची पायरी चढलेले नव्हते. घरात कायदा या शब्दाचा अर्थ तलाठी आणि फौजदार एवढाच होता. अशा असंख्य घरांतली मुले आज वकील, शिक्षक, कारकून, अधिकारी झाली आहेत. नियम वाचण्याचे आणि लावण्याचे काम आता काही प्रमाणात आपल्याही हाती आले आहे. म्हणजे शास्त्र्याच्या जागेवर आपणही बसू लागलो आहोत. दाखल्यातल्या एका अक्षरासाठी दारातल्या माणसाला परत पाठवताना आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत, हा प्रश्न यापुढे फक्त इतरांना विचारून चालणार नाही. नियम कोणासाठी, आणि त्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर, हे टेबलाच्या अलीकडे बसलेल्या प्रत्येकाने रोज तपासायचे आहे.